चिंध्यांचे सौंदर्यशास्त्र

अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड ही गुलामांच्या काळ्या वंशजांची वस्ती आहे. १९४२ मध्ये तेथील मिसुरी पेटवे या बाईने मृत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची वाकळ शिवली. वस्तीतील अशा अनेक वाकळींत उसवलेल्या खिशाखालचा न विटलेला रंग तसाच दिसतो. १९७२ पासून बायकांच्या सहकारी संस्थेने सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रे शिवले. उरलेल्या पट्ट्या घरी गेल्या, त्यांच्याही वाकळी झाल्या.

२००२ मध्ये या वाकळी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. तेव्हा समीक्षेत मातिस, क्ले यांची नावे निघाली. माझा आक्षेप येथे आहे. गोऱ्या चित्रकाराची शिफारस लागल्याखेरीज या बायकांना कलावंत म्हणता येत नाही काय?

आपल्याकडे दुसरी तऱ्हा. गोधडीला 'मायेची ऊब' म्हटले की काम भागते. मग शिवणारीचे दुखणारे बोट दिसत नाही आणि तिची नजरही दिसत नाही. दलित साहित्याला 'अनुभव जळजळीत, पण कला कुठे?' असे विचारणारी रसिकता हीच.

चिंधी जपणे ही गरज होती. कोणती चिंधी कोणत्या चिंधीशेजारी बसवायची, हा मात्र निर्णय होता. आणि निर्णय असतो तेथे कला असते. गरज दिसताच निर्णय दिसेनासा होणे, हा नुसता दृष्टिदोष नव्हे. ती पाहणाऱ्याची जात आहे. आपल्या समीक्षेने दोन्ही मोजले पाहिजे: वाकळीतला निर्णय आणि ती शिवणारीची मजुरी.