सहृदय, समकालन आणि तारप्याचा फेर

तारापूर या नावाशी 'समकालन' या संज्ञेचा एक काटेकोर अर्थ निगडित आहे. देशातील पहिले व्यापारी अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये येथे सुरू झाले. जनित्र वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडावयाचे तर त्याचा विद्युतदाब, त्याची वारंवारता (भारतात सेकंदाला ५० आवर्तने) आणि त्याची कला ही तिन्ही जाळ्याशी जुळावी लागतात. न जुळणारे जनित्र जोडले जात नाही. जोडलेल्याचा ताल सुटला तर ते तोडले जाते. या व्यवस्थेत भेद म्हणजे दोष. याच किनाऱ्यापासून पूर्वेकडे, पालघर-डहाणूच्या वारली पाड्यांवर, समकालनाचा दुसरा एक प्रकार फार पूर्वीपासून नांदत आहे. तो म्हणजे तारप्याचा फेर. परस्परांशी बोलणाऱ्या माणसांचे मेंदू 'एका तालात' चालतात, असे जेव्हा मेंदूविज्ञान सांगू लागते, तेव्हा साहित्यविचाराने यांपैकी कोणते प्रतिमान गृहीत धरावे, हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. मराठी समीक्षेने 'सहृदय' या संकल्पनेला दिलेले स्थान त्यात पणाला लागते.

प्रिन्स्टन विद्यापीठातील ग्रेग स्टीव्हन्स, लॉरेन सिल्बर्ट आणि उरी हॅसन यांचा २०१० मधील प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रात पडून एका व्यक्तीने आपल्या आयुष्यातील एक गोष्ट सांगितली. तिचे ध्वनिमुद्रण श्रोत्यांना त्याच यंत्रात ऐकविण्यात आले. श्रोत्यांच्या मेंदूतील अनेक भागांचे व्यापार सांगणाऱ्याच्या व्यापारांशी मिळतेजुळते आढळले. गोष्ट श्रोत्यांना न कळणाऱ्या रशियन भाषेत सांगितली गेली, तेव्हा हा मेळ उरला नाही. भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे 'हृदयसंवादा'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. नाट्यगृहातील सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाल्याने रसाचा परिपोष होतो, हे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन प्रयोगशाळेत सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मोहही होईल.

हा मोह आवरला पाहिजे. कारण प्रयोगाचे निष्कर्ष त्याहून अधिक गुंतागुंतीचे आहेत. एक तर तेथे संवाद नव्हताच. श्रोत्यांसमोर माणूस नव्हता, ध्वनिमुद्रण होते. श्रोत्याच्या प्रतिसादाने गोष्ट बदलण्याची शक्यता नव्हती. म्हणजे हे प्रतिमान समोरासमोरच्या संभाषणापेक्षा वाचनाच्या अधिक जवळचे आहे. दुसरे, हा मेळ एकाच क्षणी घडत नव्हता. बहुतेक भागांत श्रोत्याचा मेंदू सांगणाऱ्याच्या थोडा मागे होता आणि काही भागांत तो पुढे होता. येणाऱ्या शब्दाचे पूर्वानुमान ज्या श्रोत्यांत अधिक, त्यांना गोष्टही अधिक कळली. आकलन मागे राहण्यात आणि पुढे जाण्यात होते. विद्युतजाळ्याचे प्रतिमान येथे लागू पडत नाही.

हे पूर्वानुमान कोठून येते? यारा येशुरुन, हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रश्नाच्या उत्तराकडे नेतो. जे. डी. सॅलिंजर यांच्या एका कथेत पती रात्री मित्राला दूरध्वनी करून पत्नी घरी परतली नसल्याचे सांगतो. ही कथा दोन गटांना ऐकविण्यात आली. पत्नी प्रतारणा करीत आहे, असे एका गटाला आधीच सांगितले होते. पती संशयी आहे आणि पत्नी निर्दोष, असे दुसऱ्याला. कथेचे शब्द तेच होते. तरीही गटांतर्गत मेंदूंचे व्यापार अधिक जुळले आणि दोन गटांमध्ये ते वेगळे झाले. वाचकसमूह आपली पूर्वधारणा घेऊनच संहितेकडे येतो, हा साहित्यसिद्धांत येथे पुष्ट होतो. परंपरेच्या भाषेत, ही 'वासने'ची कामगिरी आहे. तेव्हा 'सारे सहृदय एकरूप झाले' या विधानापाशी थांबता येत नाही. कोणत्या वासनेचे सहृदय, आणि कोणाशी एकरूप, हे विचारावे लागते.

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे पुस्तक या प्रश्नाची कसोटी ठरते. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागात १९४५ पासून उभ्या राहिलेल्या वारली लढ्याचे हे कथन साहित्य अकादमीने १९७२ मध्ये गौरविले आणि मराठी वाचकाने ते तन्मयतेने वाचले. ही तन्मयता नेमकी कोणाशी? लढ्याच्या या इतिहासातील 'लग्नगडी' हा एक शब्द घेतला तरी पुरे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढणारा वारली त्या कर्जापोटी पत्नीसह त्याचा बांधील होई. मध्यमवर्गीय वाचकाच्या मनात 'लग्न' या शब्दाबरोबर मंगलाचे संस्कार जागे होतात. त्याचे पूर्वानुमान या शब्दापाशी ठेचकाळते. वारली श्रोत्याला तेथे थांबण्याचे कारण नाही. निवेदिका शिक्षित, शहरी, वारली समाजाबाहेरून आलेली कार्यकर्ती आहे. वाचकाचा मेळ जुळतो तो प्रथम तिच्याशी. वारल्याशी आपण एकरूप झालो, हा त्याचा समज म्हणूनच अर्धवट आहे. 'लग्नगडी'पाशी पडलेला विलंब भरून काढण्याची घाई न करणारा वाचकच येथे सहृदय म्हणविण्यास पात्र ठरतो.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. वेठ हेही एक समकालनच होते. स्वतःच्या शेताआधी जमीनदाराचे शेत, स्वतःच्या ऋतूआधी त्याचा ऋतू, अशा रीतीने एका माणसाचा काळ दुसऱ्याच्या काळाला जखडला गेला होता. पुस्तकाच्या शीर्षकात समूह नाही, एकवचनी 'माणूस' आहे. आणि तो तल्लीन होत नाही, जागा होतो. लादलेल्या तालातून बाहेर पडणे हीच तेथे मुक्ती आहे. एकतानता स्वतःच मूल्य असते, या समजुतीला या शीर्षकाने दिलेले हे उत्तर मराठी समीक्षेने पुरेसे मनावर घेतलेले नाही.

बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात या उत्तराला आधार सापडतो. संवाद, विरोध आणि समतोल हे त्यांनी सांगितलेले लयीचे तीन नियम आहेत. मर्ढेकरांची लय कलाकृतीच्या घटनेत असते, माणसामाणसांत नव्हे, हे खरे. तथापि तिचा विस्तार ग्रहणव्यापारापर्यंत केला, तर समकालनाच्या चर्चेतील उणीव स्पष्ट होते. ही चर्चा संवादापाशी थांबते आणि विरोधाला केवळ व्यत्यय मानते. अभिनवगुप्तही या दोषापासून पूर्णतः मुक्त नाही. 'तंत्रालोका'च्या अठ्ठाविसाव्या आह्निकात, गीतनृत्याच्या मेळाव्यात सर्वांच्या संविदेचा विकास कसा होतो, हे तो अनेक आरशांच्या परस्पर प्रतिबिंबांच्या अंगाने मांडतो. परंतु जो तन्मय होत नाही त्याला अशा मेळाव्यात प्रवेश देऊ नये, असेही सुचवितो. न जुळणारा बाहेर, हाच तो जाळ्याचा नियम.

तारप्याच्या फेराची रचना निराळी आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडपानांचा कर्णा यांनी घडलेल्या वाद्यातून वादक अखंड श्वासाने सूर काढतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ होऊ देत नाहीत. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात. पण ती साखळीतून बदलत जातात, आघाडीच्या नाचणाऱ्यापासून शेपटापर्यंत. विलंब हा येथे दोष नाही, फेराच्या गतीचाच तो भाग आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे वर्तुळ बंद नसते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेलेल्या वारली चित्रांत ते सर्पिल रूपात दिसते. त्याचे एक टोक मोकळे असते. ज्याला पावले अजून साधलेली नाहीत, त्यालाही त्या टोकाशी कमरेला हात घालून उभे राहता येते. चुकत चुकत तो ताल पकडतो. त्याच्यासाठी फेर थांबत नाही आणि त्याला वगळलेही जात नाही.

मेंदूविज्ञानाकडून साहित्यविचाराने घ्यावयाचे ते हेच. 'साधारणीकरणा'ला यंत्राचा पुरावा मिळाला, याचा आनंद मानण्यात फारसे हशील नाही. मेळ कोणाशी जुळला, कोणत्या पूर्वधारणेच्या बळावर जुळला आणि कोणत्या शब्दापाशी तो अडला, हे संहितेत शिरून तपासणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते कोणतेही यंत्र तिच्या वतीने करणार नाही. आदिवासी आणि दलित साहित्याला 'दाद' देणाऱ्या वाचकवर्गाच्या संदर्भात ते अधिकच निकडीचे ठरते. कारण तेथे सहज जुळलेला मेळ हा पुष्कळदा निवेदकाशी किंवा स्वतःच्याच करुणेशी जुळलेला असतो. फेराच्या मोकळ्या टोकाशी, अजून पावले न साधलेल्या माणसाच्या जागी उभे राहून वाचण्याची तयारी हा सहृदयतेच्या व्याख्येचा भाग व्हावयास हवा.