विश्वरूप आणि एक खाट

माझ्या पिढीच्या मराठी वाचकांची अंतराळातल्या कॉमिक्सशी ओळख इंद्रजाल कॉमिक्सनं करून दिली. १९६४मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा राजा वेताळ. पण मँड्रेकच्या गोष्टींत मधूनच दूरच्या ग्रहांचा सम्राट मॅग्नॉन डोकवायचा, आणि फ्लॅश गॉर्डन तर परग्रहांवरच वावरायचा. शनिवार पेठेत वाढलेल्या मला पानशेतसुद्धा लांब वाटायचं, तिथं आकाशगंगा म्हणजे चैनच होती.

मोठं झाल्यावर हे वाचन पोरकट ठरतं. ताकदीची दिवास्वप्नं, अंगाला चिकटलेले पोशाख, दर महिन्याला विश्वाचा अंत. आक्षेप खोटे नाहीत. पण या प्रकारातली चांगली कॉमिक्स ताकदीपेक्षा ताकदीच्या मर्यादेबद्दल जास्त बोलतात, असं माझं मत आहे.

१९६६मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’च्या ४८ ते ५० या अंकांत गॅलॅक्टस आणला. तो ग्रह खाऊन जगतो. दुष्टपणानं नव्हे, भुकेपोटी. त्याच्यापुढे आपले नायक किडामुंगीसारखे दिसतात. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून भ्यालेला अर्जुन ‘पुन्हा ओळखीच्या रूपात ये’ म्हणून विनवतो, ते इथं आठवतं. शेवटी गॅलॅक्टसला थोपवायला एक शस्त्र लागतंच, पण गोष्टीला कलाटणी मिळते ती एका साध्या घरात. अॅलिशिया ही अंध शिल्पकार गॅलॅक्टसच्या दूताशी, सिल्व्हर सर्फरशी बोलते आणि तो धन्याविरुद्ध उभा राहतो.

मराठीत अवकाशाचा हा पसारा आला तो मुख्यतः विज्ञानकथेतून. पुढे पुण्यात ‘आयुका’ उभारणाऱ्या जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली आणि बक्षीस मिळवलं. त्यांच्या ‘धूमकेतू’मध्ये पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूची वाट शास्त्रज्ञ गुपचूप बदलतात, आणि घरात मात्र श्रेय यज्ञाला दिलं जातं. ही कोपरखळी अजूनही ताजी आहे. नारळीकरांना अंधश्रद्धेशी भांडायचं होतं, ते भांडण त्यांनी चोख केलं. पण त्यांच्या या जगात बुद्धी वापरली की संकट टळतं. बुद्धी पुरी पडत नाही तेव्हा काय, हा प्रश्न तिथं उरतो.

त्याला भिडणारं पुस्तक मला एका सुपरहिरो कॉमिकमध्ये सापडलं. जिम स्टार्लिनचं ‘द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल’ (१९८२). विश्वाची जाणीव लाभलेल्या, थॅनॉसला हरवलेल्या या नायकाला कॅन्सर होतो. एका जुन्या लढाईत श्वासातून गेलेल्या विषारी वायूमुळे. ज्या मनगटबंदांनी त्याला ताकद दिली, त्यांनीच आजार इतके दिवस रोखून धरला आणि आता तेच उपचारांच्या आड येतात. पृथ्वीवरचे सगळे बुद्धिमान नायक इलाज शोधतात, मिळत नाही. मग ते येऊन खाटेभोवती उभे राहतात. शत्रुपक्षाचा सेनापती येऊन त्याला शौर्यपदक देतो. स्टार्लिनचे स्वतःचे वडील तेव्हा नुकतेच कॅन्सरनं गेले होते.

पुस्तकात दोष आहेत. सुरुवातीला जुन्या लढायांची उजळणी लांबते, संवाद जागोजागी भाषण होतात. तरी ज्या प्रकारात मेलेला माणूस पुढच्या वर्षी परत येतो, तिथं लढाईविना, अंथरुणात आलेलं मरण दाखवणं हे धाडस होतं. आणि ते सुपरहिरोच्या बाबतीतच इतकं लागतं. साध्या माणसाच्या गोष्टीत औषध चाललं नाही तर आपण नवल करत नाही. इथं तारे हलवणारे लोक हात बांधून उभे असतात.

मी हे पुस्तक बाबांच्या शेवटच्या आजारपणात, इथल्याच एका हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचलं. डॉक्टर चांगले होते, यंत्रंही होती. पुस्तकात एका ठिकाणी स्पायडरमॅनला ते बघवत नाही आणि तो खोलीबाहेर निघून जातो. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. सकाळपासून मीही दोनदा तसाच बाहेर आलो होतो. मग पुस्तक मिटलं आणि आत जाऊन बसलो.