गळ्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

चांदूर बाजारात एका मित्राच्या खोलीवर आम्ही पाच-सात जण जयंतीच्या वर्गणीचा हिशेब करत बसलो होतो. मी मोबाईलवर लॉर्नाचं 'बेबदो' लावलं. एक जण म्हणाला, "हे कायचं गानं होय बावा? हॉटेलातल्या साहेबलोकाईचं नाचगानं. चळवळीले याचं काय काम?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितो.

आधी हे संगीत कोणाचं ते पाहू. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं. गुलामीतून निघालेल्या लोकांनी गोऱ्यांचीच वाद्यं हातात घेतली आणि त्यांतून आपला आवाज काढला. 1935 साली लिऑन ॲबी हा काळा वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताज हॉटेलात आला. ते वाजवणं गोव्याच्या वादकांनी उचललं. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांत ते नोटेशन शिकलेले, पण गावात पोट भरत नव्हतं. म्हणून मुंबई. रात्री हॉटेलात वाजवायचं, दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं तुम्ही किती वेळा ऐकली? गाणी मात्र तुम्हाला पाठ आहेत. नाव संगीतकाराचं, घाम यांचा. हा कारभार आपल्याला नवा नाही.

लॉर्ना कोर्देरो त्याच जगातली. जन्म 1946 चा, कुटुंब गोव्याचं, वाढली मुंबईत. पोरवयातच हॉटेलातल्या बँडमध्ये इंग्रजी गाणी गाऊ लागली. पुढं ख्रिस पेरीनं तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. पेरी (1928–2002) ट्रम्पेट वाजवायचा, सॅक्सोफोनही. त्यानं जॅझ आणि चा-चा-चा कोकणीत आणलं, आणि ते लोकांच्या तोंडी बसलं ते लॉर्नाच्या गळ्यामुळं.

'बेबदो' म्हणजे आपला बेवडा. गाणं हसत-खेळत चालतं, पण कान देऊन ऐका. त्या काळात सिनेमातल्या बाईचा आवाज कसा, तर बारीक, गोड, पदर सावरलेला. लॉर्नाचा आवाज जाड आहे, खरखरीत आहे. ती ट्रम्पेटच्या मागं लपत नाही, त्याच्यासमोर उभी राहून गाते. सूर वर नेताना तो चिरकला तरी तिला लाज वाटत नाही. आणि भाषा कोणती, तर कोकणी. तिला 'मराठीची बोली' म्हणून हिणवणाऱ्यांत आपले मराठी पंडित पुढं होते. आपल्या वऱ्हाडीला हसणारेही तेच. ती भाषा या बाईनं मायक्रोफोनसमोर मान ताठ ठेवून उभी केली. माझ्या लेखी तिचं मोठेपण इथं आहे.

मग हा आवाज बंद पडला. पेरीशी फाटलं. पेरीशिवाय दुसऱ्या कोणाच्या बँडबरोबर गायचं नाही, असा करार तिच्याकडून करून घेतला होता, असं गोव्यात सांगतात. करार असो की धाक, परिणाम एकच झाला. ऐन भरातली गायिका जवळपास दोन दशकं घरी बसली. 1995 साली रॉनी मोन्सेराट यांनी तिला पुन्हा गायला लावलं, 'हॅलो लॉर्ना' आलं, आणि गोव्यात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. पण मधली वर्षं कोण भरून देणार?

अमेरिकेत बिली हॉलिडेचं पाहा. झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांच्या प्रेतांवरचं गाणं तिनं 1939 साली रेकॉर्ड केलं. तिच्या नेहमीच्या कंपनीनं नकार दिला, तेव्हा दुसरीकडं जाऊन केलं. 1947 साली अंमली पदार्थाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचं तिचं परवानापत्र गेलं. तिथं सरकारचा कागद, इथं मालकाचा शब्द. गळा बाईचा, कुलूप दुसऱ्याचं.

बार्द्रोय बार्रेत्तो यांचा 'नाचुंया कुंपासार' (2014) हा सिनेमा या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला. विसरलेल्या वादकांना त्यानं उजेडात आणलं, हे मोठं काम. पण त्यात सारा भर प्रेमाच्या शोकांतिकेवर पडतो. प्रेम, दारू, रडणं यांच्या सावलीत खरा प्रश्न मागं राहतो : बाईच्या श्रमाची मालकी कोणाकडं?

लॉर्ना आपल्या चळवळीतली नव्हती. तिला ओढून-ताणून क्रांतिकारक करू नका. पण हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. लग्नाच्या वरातीत मातंग वस्तीतली पोरं तेच ट्रम्पेट वाजवतात आणि पंगत उठल्यावर शेवटी जेवतात. आणि आपल्या जयंतीच्या पेंडॉलात काय होतं? पोस्टरवर अमुक गायक 'आणि संच'. रात्री दोनपर्यंत भीमगीतं गाणारी बाई त्या 'संचा'त जमा. मानधन पार्टीवाल्याच्या हातात. गाणं रेकॉर्ड होतं, मोबाईलवर गावोगाव फिरतं, तिला विचारतं कोण? भीमराव कर्डकांच्या जलशानं गाणं हे चळवळीचं हत्यार केलं. त्या हत्याराची धार ज्यांच्या गळ्यातून येते, त्यांचा हिशेब आपण ठेवतो का?

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. यंदा पोस्टर छापताना गायिकेचं पूर्ण नाव गायकाच्याच टायपात टाक. पैसे तिच्या हातात दे, पावतीवर तिची सही घे. रेकॉर्डिंग करायचं तर आधी तिला विचार. एवढं करून मग 'बेबदो' पुन्हा लाव. तेव्हा तुले समजन, या गान्याचं आपल्याले काय काम.