आर्तुसींच्या पुस्तकातली पोलेंता: पाककृती कोणाच्या चुलीवरून येते?

पाककृतींच्या पुस्तकाबद्दल आपण सहसा दोनच गोष्टी विचारतो. प्रमाण बरोबर आहे का, आणि त्याप्रमाणे केलं तर पदार्थ जमतो का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण समीक्षा करायची असेल तर आणखी एक विचारावं लागतं. हे पुस्तक कोणाच्या चुलीपाशी उभं राहून लिहिलंय? आज एका थोर पुस्तकाला मी हा प्रश्न विचारणार आहे. थोर म्हणतोय ते मनापासून.

पुस्तक इटालियन आहे. शीर्षकाचा अर्थ ‘स्वयंपाकातलं विज्ञान आणि चांगलं खाण्याची कला’. लेखक पेल्लेग्रिनो आर्तुसी, जन्म १८२० चा, फोर्लिंपोपोली या रोमान्यातल्या छोट्या गावातला. १८५१ मध्ये दरोडेखोरांच्या एका टोळीने ते गाव लुटलं. आर्तुसींचं घरही त्यात सापडलं, एका बहिणीचं मन त्या धक्क्याने कायमचं बिघडलं. पुढे कुटुंब फ्लॉरेन्सला आलं. आर्तुसींनी तिथे रेशमाचा व्यापार केला, पैसा मिळवला, धंदा आवरला आणि १८९१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, हे पुस्तक काढलं. प्रकाशक मिळेना म्हणून पदरचे पैसे घालून. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. १९११ मध्ये ते वारले तोपर्यंत त्या ७९० झाल्या होत्या.

ही वाढ कशी झाली ते बघण्यासारखं आहे. वाचक पत्रं लिहायचे. तुमचं हे बिघडतं, आमच्याकडे असं करतात, हे घालून बघा. आर्तुसी ते आपल्या स्वयंपाकघरात करवून बघायचे आणि पुढच्या आवृत्तीत घ्यायचे. म्हणजे वीस वर्षं हे पुस्तक चुलीवरच होतं म्हणा ना!

आणि लिहिणं कसं, तर गप्पिष्ट. बटाट्याच्या न्योक्कींची कृती सांगताना ते एका बाईंची फजिती सांगतात. पीठ कमी पडलं, न्योक्की उकळत्या पाण्यात सोडल्या आणि झारा घालून बघतात तर भांड्यात काहीच नाही, सगळं विरघळलेलं. आता ‘पीठ पुरेसं घाला’ हे वाक्य कोण लक्षात ठेवतं? ती रिकामी पातेली मात्र विसरत नाही. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपच्या कृतीत तर १८५५ ची लिव्होर्नोमधली पटकीची साथच येते. खाणावळीत सूप प्यायले, रात्रभर पोट बिघडलं, सगळा दोष सुपाला दिला. नंतर कळलं की गावात पटकी शिरली होती आणि ज्यांच्याकडे ते उतरले होते ते गृहस्थ तिनेच दगावले. एवढं सांगून झालं की मग भाज्या चिरायला घ्यायच्या.

आता पुस्तकाच्या कीर्तीकडे येतो. इटली एक राष्ट्र झालं १८६१ मध्ये, पण बहुसंख्य लोक आपापली बोली बोलायचे. एकाच पदार्थाला प्रांताप्रांतात वेगळं नाव, आणि श्रीमंतांच्या मेनूवर मोडकीतोडकी फ्रेंच. आर्तुसींनी सरळ तोस्कानातली घरगुती भाषा घेतली. बेशामेल सॉसचं ‘बाल्सामेल्ला’ केलं. ज्या घरात पुस्तक गेलं त्या घरात ही भाषा गेली. पिएरो कांपोरेसी या अभ्यासकाने १९७० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत असं मांडलं की देश एक करण्याच्या कामी या पुस्तकाने मांझोनींच्या गाजलेल्या कादंबरीपेक्षाही जास्त केलं. तेव्हापासून आर्तुसींचं नाव निघालं की हे विधान पाठोपाठ येतंच.

मला या विधानापाशी थांबायचंय. देश एक केला, पण कोणाचा?

पुस्तकातली पोलेंता काढून बघा. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं मुटकं, आपल्या उकडीची चुलत बहीण समजा. आर्तुसींकडे ती सॉसेजबरोबर येते, थरांमध्ये चीज आणि बाल्सामेल्ला घालून भाजलेली येते. चविष्टच असणार. पण त्याच वर्षांत व्हेनेतो आणि लोंबार्दीतली शेतमजूर कुटुंबं पोलेंता खात होती ती पाणी आणि मीठ घालून. सकाळी तीच, संध्याकाळी तीच, बरोबर बहुतेकदा काहीच नाही. आणि त्यांना पेलाग्रा होत होता. नावाचा अर्थच खरखरीत कातडी. आधी उन्हात कातडी फुटते, मग पोट सुटतं, शेवटी भ्रम होतो. १८८० च्या सुमाराच्या सरकारी मोजणीत अशा रुग्णांचा आकडा एक लाखाच्या आसपास गेला होता. १९०२ मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत होत्या तोच हा काळ.

कारण तेव्हा नीट माहीत नव्हतं. किडक्या मक्यातलं विष, असं पुष्कळ डॉक्टर मानत. १९३७ मध्ये अमेरिकेत एल्व्हेजेम यांच्या कामामुळे कळलं की कमतरता नायासिन या जीवनसत्त्वाची आहे. मक्यात ते असतं, पण बांधलेलं. शरीराला मिळत नाही.

मग ज्यांनी हजारो वर्षं मका खाल्ला त्या मेक्सिकोतल्या लोकांचं काय? ते मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच मुरू देतात, सकाळी चोळून धुतात, साल काढतात आणि मग वाटतात. याला ‘निश्तामाल’ म्हणतात. चुन्यामुळे बांधलेलं नायासिन सुटतं, आणि वाटलेलं पीठ असं चिकट होतं की त्याची पोळी थापता येते. चुन्याची निवळी आपल्याही परिचयाची आहे, तेव्हा ही क्रिया तुमच्या डोळ्यांसमोर येईल. मका जहाजात बसून युरोपात आला. ही क्रिया मागेच राहिली. दाणा नेणाऱ्यांना ती विचारावीशी वाटली नाही, कारण तो बायकांचा रोजचा उद्योग होता. त्याला कोण ज्ञान म्हणणार!

इथे आर्तुसींवर अन्याय नको. पेलाग्राचं कारण त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. शिवाय त्यांनी आरोग्यविषयक टिपणात स्वच्छ कबूल केलंय की आपण सुस्थितीतल्या वर्गासाठी लिहितोय. लेखकाने स्वतःची मर्यादा सांगितली. ती विसरले ते गौरव करणारे. ज्या पुस्तकात देशातल्या लाखो लोकांचं रोजचं जेवण नाही, त्याने देशाचा स्वयंपाक एक केला असं म्हणताना आपण ‘देश’ हा शब्द फार स्वस्तात वापरतो. दक्षिण इटलीचंही तेच. नेपल्स आणि सिसिलीचे मोजके पदार्थ आहेत, पण मुक्काम रोमान्या आणि तोस्कानातच.

दुसरा मुद्दा मुखपृष्ठावरच्या नावाचा. ‘करून बघितलं’ असं आर्तुसी लिहितात तेव्हा करणारे हात बहुतेकदा मारिएत्ता सबातिनी आणि फ्रान्चेस्को रुफिल्ली या त्यांच्या स्वयंपाक्यांचे होते. एका गोड पावाला त्यांनी मारिएत्ताचं नाव दिलं, आणि मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क या दोघांना ठेवले. त्या काळच्या मालकांत हे दुर्मीळच. तरी कपाटात पुस्तक ‘आर्तुसी’ म्हणूनच ओळखलं जातं.

आपल्याकडे बघायचं तर कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० चं. वाटी-चमच्याचं प्रमाण देऊन त्यांनी कितीतरी नवख्या हातांना धीर दिला. ते ऋण मोठं आहे. पण ‘मराठी जेवण म्हणजे रुचिरा’ असं आपण म्हणायला लागलो, तेव्हा कांपोरेसींसारखंच केलं. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं आणि मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या चुली पुस्तकात आल्या, तेव्हा अनेक वाचकांना हे जेवण आपल्याच राज्यातलं आहे हे पहिल्यांदा कळलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तरच प्रत्येकाचा आवाका कळतो.

म्हणून पाककृतींचं पुस्तक हाती आलं की साहित्याची यादी आधी वाचा. तूप किती, अंडी किती, जळण किती वेळ, आणि ढवळायला कोण उभं आहे. त्या यादीत एक घर दिसतं. घर दिसलं की त्याच्या बाहेर कोण जेवतंय हे विचारता येतं. आर्तुसी असे वाचले तर लहान होत नाहीत. उलट वाचकांच्या पत्रांनी स्वतःचं पुस्तक वीस वर्षं दुरुस्त करत राहिलेल्या माणसाला असा वाचक आवडलाच असता, असं मला वाटतं. फक्त व्हेनेतोतल्या त्या मजुरांची पत्रं त्यांच्याकडे येऊ शकत नव्हती.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया.