वनौषधींच्या याद्या आणि अंत्रस्थ जीवाणू : एका अभ्यासपद्धतीची समीक्षा

एटापल्ली, भामरागड व अहेरी या परिसरातील माडिया समाजाच्या औषधिज्ञानाविषयी जे संशोधनलेख प्रसिद्ध होत आले, त्यांचा साचा बहुधा एकच आहे : वनस्पतीचे शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, उपयोगात येणारा भाग आणि रोग. अशा नोंदींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अरण्य जाणणारी पिढी विरळ होत असता नुसती नावे राखणे हेही कार्यच होय. परंतु ‘अमुक वनस्पती अमुक रोगावर’ या चौकटीत एक गृहीतक दडलेले आहे. गुण सर्वस्वी वनस्पतीत असतो आणि शरीर हे तो स्वीकारणारे निष्क्रिय पात्र होय, हे ते गृहीतक. अंत्रस्थ जीवाणूंच्या अभ्यासापुढे ते टिकत नाही.

सोनामुखीचेच उदाहरण घ्यावे. तिच्यातील सेनोसाइड ही द्रव्ये मूळ रूपात रेचक नसतात. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांचे विघटन करतात तेव्हाच रेचक द्रव्य निर्माण होते. कोरफडीपासून काढलेल्या एळियातील बार्बालॉइनविषयी १९९६ साली जपानी संशोधकांनी दाखविले, की जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांना त्याने जुलाब होत नाहीत. मात्र मानवी आतड्यातील एक विशिष्ट जीवाणू त्यांच्या पोटात रुजविला असता होतात. मग औषध कोणते म्हणावे : वनस्पती, की वनस्पती व जीवाणू यांचा संयोग?

हिरड्याविषयी प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यातील टॅनिन द्रव्यांपासून एलॅजिक आम्ल सुटे होते व काही जीवाणू त्याचे युरोलिथिनमध्ये रूपांतर करतात. हे रूपांतर सर्वांत सारखे होत नाही. काही व्यक्तींत ते जवळजवळ होतच नाही. तोच हिरडा, तीच मात्रा, आणि तरीही परिणाम भिन्न. यादीतील एका ओळीत हा भेद मावत नाही.

उलट दिशेचा परिणाम कुड्याच्या संदर्भात विचारार्ह ठरतो. त्याच्या सालीतील कोनेसीन हे द्रव्य आमांशाच्या अमीबावर आघात करते. तथापि पोटात गेलेली साल केवळ अमीबालाच भेटत नाही. तिची गाठ तेथील समस्त जीवसृष्टीशी पडते. कोकणात कुड्याचे पाळ ताकात उगाळून देतात. ताक हे स्वतःच जीवाणूंचे वाहन असल्याने, ताकातील कुडा व पाण्यात उकळलेला कुडा यांना एकच औषध समजणे युक्त नव्हे. यादी मात्र दोहोंची नोंद ‘साल – अतिसार’ अशीच करते. ही संक्षिप्तता निरुपद्रवी नाही. अतिसारात बालक दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार ओसरल्यामुळे. म्हणून क्षारजलाचा उल्लेख गाळून केलेली अशी नोंद दुर्गम गावी उपचाराचे मार्गदर्शन म्हणून वाचली गेली, तर घात होऊ शकतो.

येथे एक प्रतिवाद संभवतो. आयुर्वेदाने मृदु, मध्य व क्रूर असे कोष्ठभेद सांगितलेच आहेत. तेव्हा नवे ते काय? एकच विरेचन सर्वांना सारखे लागू पडत नाही हे निरीक्षण निःसंशय सूक्ष्म होते. परंतु कोष्ठभेद म्हणजेच जीवाणुभेद असे समीकरण मांडणे हा अभिमान झाला, प्रमाण नव्हे. निरीक्षणाने प्रश्न दिला. उत्तर प्रयोगानेच मिळावयाचे आहे.

२०१५ साली आसाम, मणिपूर, सिक्कीम व तेलंगणा येथील पंधरा आदिवासी समाजांच्या अंत्रस्थ जीवाणूंचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत प्रिव्होटेला या प्रजातीचे प्राबल्य आढळले. आहार व परिसर यांचा ठसा आतड्यावर उमटत असेल, तर नागपूर वा पुण्याच्या स्वयंसेवकांवर तपासलेल्या हिरड्याचा निष्कर्ष एटापल्लीच्या माणसाला आपोआप लागू पडेल असे मानता येत नाही.

म्हणून यापुढील सर्वेक्षकाने वनस्पतीबरोबरच अनुपान, मात्रा, ऋतू, रोग्याचा नित्याचा आहार आणि त्याने पूर्वी घेतलेली प्रतिजैविके यांची नोंद करावी. जीवाणुपरीक्षेसाठी नमुने घ्यावयाचे झाल्यास त्या त्या व्यक्तीची समजून दिलेली संमती आवश्यक होय, आणि निष्कर्ष प्रथम ग्रामसभेपुढे, तिच्या भाषेत, मांडले जावेत. ज्यांच्या ज्ञानावर आपण प्रबंध लिहितो त्यांच्या प्रकृतीची विचारपूस त्या प्रबंधात नसावी, ही केवळ पद्धतीतील उणीव नसून अभ्यासकाच्या कर्तव्यातील उणीव आहे.