नॅनोमीटर : माप की नाव?

अर्धवाहक उद्योगात सध्या काय चालले आहे याची माहिती ठेवू पाहणाऱ्या शिक्षकाच्या हाती मुख्यतः एकच आकडा पडतो. सात नॅनोमीटर, पाच, तीन आणि आता दोन. आकडा जितका लहान तितकी चिप प्रगत, आणि ज्याच्याकडे लहान आकडा तो देश किंवा ती कंपनी पुढे, असा सरळ हिशेब वृत्तपत्रे मांडतात. विद्यार्थी तोच हिशेब वर्गात घेऊन येतात. हा आकडा नेमके काय मोजतो, हे तपासून पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

एके काळी तो खरोखरच माप होता. ट्रान्झिस्टरमधील ज्या भागामुळे विद्युतप्रवाह चालू किंवा बंद होतो त्याला गेट म्हणतात. शेतात दारे धरणारा माणूस पाटाचे पाणी अडवतो किंवा सोडतो, तसेच हे काम. १९७१ साली इंटेलने ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आणला. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचे तंत्र १० मायक्रोमीटरचे, म्हणजे १०,००० नॅनोमीटरचे होते. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पिढीच्या नावातील आकडा गेटच्या लांबीशी आणि तारांच्या रुंदीशी बऱ्यापैकी जुळत असे.

पुढची पिढी म्हणजे प्रत्येक लांबी ०.७ पट. ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणून क्षेत्रफळ निम्मे आणि तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली मांडलेल्या आणि १९७५ साली सुधारून दर दोन वर्षांवर आणलेल्या दुपटीच्या अंदाजाशी हे सुसंगत होते. ३५०, २५०, १८०, १३०, ९०, ६५, ४५, ३२, २२ ही मालिका विद्यार्थ्यांना ०.७ ने गुणून पडताळता येईल.

या मालिकेत माप आणि नाव यांची फारकत हळूहळू झाली. १३० नॅनोमीटरच्या पिढीत गेटची लांबी सुमारे ७० नॅनोमीटर होती, म्हणजे नावापेक्षा कमीच. २०११ साली इंटेलने २२ नॅनोमीटरच्या पिढीसाठी नवी रचना जाहीर केली. आडव्या ट्रान्झिस्टरऐवजी माशाच्या परासारखा उभा पातळ पडदा आणि त्याला तीन बाजूंनी वेढणारे गेट, अशी ती रचना होती. आता एकच लांबी सांगून ट्रान्झिस्टरचे वर्णन पुरे होईना. मालिका मात्र १४, १०, ७, ५, ३ अशी चालूच राहिली.

फरक किती पडला, ते गणित करूनच पाहू. इंटेलने आपल्या १० नॅनोमीटर तंत्रासाठी २०१७ साली दिलेली घनता होती एका चौरस मिलिमीटरमध्ये १०.०८ कोटी ट्रान्झिस्टर. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर, म्हणून एका चौरस मिलिमीटरमध्ये एक लाख कोटी चौरस नॅनोमीटर. भागाकार केला तर प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या वाट्याला सुमारे १०,००० चौरस नॅनोमीटर जागा येते. म्हणजे १०० नॅनोमीटर बाजूचा चौरस! या जागेत ट्रान्झिस्टरच्या सभोवतालचे अंतरही धरलेले आहे, हे खरे. पण एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचे अंतर पाहिले तरी ते ५४ नॅनोमीटर होते, आणि सर्वांत दाट तारांमधील ३६. '३ नॅनोमीटर' पिढीसाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०२१ च्या आराखड्यात हेच दोन आकडे ४८ आणि २४ असे अपेक्षिलेले आहेत. ट्रान्झिस्टरमधील काही थर आणि पडदे मोजक्या नॅनोमीटरइतके पातळ असतात; परंतु पिढीचे नाव त्यांच्यावरून ठेवलेले नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की हे पिढीचे केवळ नाव आहे, त्याला माप समजूच नये. पण नाव ठेवायचे तर त्यापुढे एकक कशाला? उद्या दुकानदार म्हणू लागला, की 'नऊवारी' हे केवळ नाव आहे, लुगडे पाच वारच भरेल, तर कोणतेही गिऱ्हाईक ते ऐकून घेणार नाही. संख्या आणि एकक मिळून राशी होते, हा आपल्या पाठ्यपुस्तकातील मापनाचा पहिला धडा. जगातील सर्वांत अचूक कारखानदारी जिथे चालते, तेथूनच या धड्याची थट्टा व्हावी, हे आम्हाला खटकते.

शिवाय या आकड्यातून काढलेली अनुमाने चुकतात. तीनवरून दोनवर गेलो तर दीडचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट ट्रान्झिस्टर मावायला हवेत. तैवानच्या टीएसएमसी कंपनीने आपल्या २ नॅनोमीटर पिढीसाठी, सुधारित ३ नॅनोमीटर प्रकाराच्या तुलनेत, जाहीर केलेली घनतावाढ सुमारे १५ टक्के आहे. तेवढ्याच वेगाला लागणारी वीज मात्र २५ ते ३० टक्क्यांनी कमी होते, असे कंपनी सांगते. खरे कौतुक या विजेच्या बचतीचे व्हायला हवे, पण मथळ्यात येतो तो दोनचा आकडा. याच कंपनीच्या ५ नॅनोमीटर पिढीत स्मृतीच्या एका घराचे क्षेत्रफळ ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होते. त्या सुधारित ३ नॅनोमीटर प्रकारातही ते तेवढेच राहिले. आकडा पाचावरून तीनवर आला, घर मात्र तसूभरही आक्रसले नाही.

नावांची ही ओढाताण उद्योगालाही ठाऊक आहे. २०१७ साली इंटेलचे मार्क बोर यांनी नावांचा गोंधळ थांबवून सर्वांनी ट्रान्झिस्टरची घनता सांगावी, असा आग्रह धरला होता. स्पर्धकांची '७' आणि इंटेलची '१०' घनतेने जवळपास सारखीच असल्यामुळे त्यांची तक्रार रास्त होती. पण जुलै २०२१ मध्ये त्याच कंपनीने आपल्या सुधारित १० नॅनोमीटर तंत्राचे नाव 'इंटेल ७' ठेवले, आणि येऊ घातलेल्या ७ चे 'इंटेल ४'. नावातून नॅनोमीटर हा शब्द गाळला, एवढे त्यातल्या त्यात बरे. पण वजन खोटे आहे अशी तक्रार करणाऱ्यानेच शेवटी तेच वजन पारड्यात टाकले, असे म्हणावे लागते.

आपल्या देशातील चर्चेवरही या आकड्याची छाया पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातेतील धोलेरा येथे टाटा आणि तैवानची पॉवरचिप यांच्या कारखान्याला केंद्र सरकारने मंजुरी दिली. तेथील तंत्र २८ ते ११० नॅनोमीटरचे असणार आहे. जग तीनवर, आपण अठ्ठावीसवर, म्हणजे नऊपट मागे, असा भागाकार कोणी केला तर तो वरील कारणांनी निरर्थक ठरतो. आपण मागे आहोत हे नाकारण्याचे कारण नाही. पण मोटारी, वीजनियंत्रण, संवेदक यांना लागणाऱ्या चिप याच जुन्या पिढ्यांत मोठ्या प्रमाणावर बनतात. इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी बनवलेला आणि २०२५ साली सादर झालेला 'विक्रम ३२०१' हा प्रक्रियक मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाला. अग्निबाणात विश्वासार्हता आधी लागते. धोलेऱ्याबद्दल विचारायचे प्रश्न निराळे आहेत. शंभरातील किती चिप निर्दोष निघतील? त्या कोण विकत घेईल? लागणारे कुशल मनुष्यबळ कोठे तयार होईल? सार्वजनिक पैशाचा हिशेब या प्रश्नांनी होतो.

पर्याय नाही असेही नाही. २०२० साली आयईईईच्या नियतकालिकात फिलिप वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाऐवजी तीन आकडे सुचवले : तर्कमंडलांची घनता, स्मृतीची घनता आणि या दोहोंमधील जोडण्यांची घनता. तिन्ही दर चौरस मिलिमीटरला मोजायचे. जाहिरातींत ही सूचना रुजली नाही, पण वर्गात ती रुजवायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नव्या चिपची बातमी आली की ते कात्रण फळ्याशेजारी लावावे आणि विद्यार्थ्यांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात : एका चौरस मिलिमीटरमध्ये किती ट्रान्झिस्टर, तुलना कोणत्या जुन्या चिपशी केली आहे, आणि त्याच वेगाला वीज किती कमी लागते. घनता मिळाली तर वरीलप्रमाणे चौरसाची बाजू काढावी आणि ती मथळ्यातील आकड्याशेजारी लिहावी. बातमीत यांपैकी काहीच सापडले नाही, तर तेही कात्रणाखाली लिहून ठेवावे.