टोप्यांचा बाजार आणि फुकटचा खेळ

‘फुकट’, ‘मोफत’ आणि ‘विनामूल्य’ हे तीन शब्द कोशात शेजारी बसत असले, तरी व्यवहारात त्यांच्या छटा भिन्न आहेत. मोफत म्हणजे देणाऱ्याने आपण होऊन दिलेले. विनामूल्य हा त्याचाच संस्कृत पोशाख. फुकटात मात्र घेणाऱ्याविषयीची किंचित तुच्छता आणि ‘व्यर्थ’ हा दुसरा अर्थ, अशी दोन्ही मिसळलेली आहेत. ‘फ्री टू प्ले’ म्हणविणाऱ्या संगणकीय खेळांस यांतील कोणता शब्द लावावयाचा, हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही.

व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा ‘टीम फोर्ट्रेस २’ हा खेळ या दृष्टीने परीक्षणीय आहे. २००७ साली तो ‘द ऑरेंज बॉक्स’ या संचातून विकत मिळू लागला. सप्टेंबर २०१० मध्ये त्यात एक दुकान उघडण्यात आले आणि जून २०११ मध्ये खेळाची किंमतच रद्द झाली. दुकानातील सर्वांत प्रसिद्ध माल म्हणजे टोप्या. (‘टोपी घालणे’ याचा मराठीत जो अर्थ होतो तो येथे कितपत लागू पडतो, हाच वस्तुतः या लेखाचा विषय होय.)

पैसे न देणाऱ्यासही नऊही पात्रे खुली असतात. शस्त्रे दुकानात मिळतात, तशीच ती खेळता खेळताही हाती येतात. त्याची सामानाची पिशवी मात्र लहान असते. ही व्यवस्था न्याय्य म्हणावयास हरकत नाही, कारण येथे विकली जाते ती शोभा, सामर्थ्य नव्हे. तथापि हा नियम निर्मात्यांनी स्वतःच एकदा मोडला होता. २०१० मध्ये काही शस्त्रसंचांना टोपीची जोड देऊन संपूर्ण संच धारण करणाऱ्यास विशेष लाभ ठेवण्यात आला. नेमबाजाने मगरीच्या तोंडाच्या टोपीसह संच घातला, की डोक्यावर नेम धरून मारलेल्या गोळीने त्याला मरण येत नसे! टोपी दैवयोगानेही मिळू शके हे खरे. पण दैवाची वाट पाहणारा आणि पैसे मोजणारा यांच्यातील युद्ध समान राहिले नाही. पुढे हे लाभ काढून टाकण्यात आले, आणि ते योग्यच झाले.

चाचेगिरीचा प्रश्न याहून वेगळा आहे. आपल्याकडे ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द रूढ आहे; पण त्यात कर्त्याचे नाव चोरले जाते, तर चाचेगिरीत नाव अबाधित राहून किंमत तेवढी बुडते. जेथे किंमतच नाही तेथे बुडवावयाचे काय? शिवाय टोपी ही खेळाडूच्या संगणकात नसून कंपनीच्या सर्व्हरवरील खात्यात नोंदलेली असते. नक्कल केली तरी ती इतरांस दिसावयाची नाही. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये चाचेगिरी हा बहुधा किमतीचा नसून सेवेचा प्रश्न असतो असे प्रतिपादन केले आणि त्यासाठी रशियाचे उदाहरण दिले. प्रस्तुत लेखकास हे मत बरेचसे मान्य आहे. मात्र एकट्याने खेळावयाच्या कथाप्रधान खेळास ही युक्ती लावता येत नाही. तेथे पाहणारा कोणी नसतो, आणि पाहणाऱ्यावाचून टोपीला अर्थ नाही.

परंतु खरा आक्षेप टोपीवर नसून पेटीवर आहे. खेळताना बंद पेट्या आपोआप मिळतात. त्या उघडण्यासाठी २.४९ डॉलरची किल्ली घ्यावी लागते, आणि आत काय निघेल हे आधी कळत नाही. दुकानदाराने मालाचा भाव सांगणे हा न्याय्य विक्रीचा पहिला नियम. येथे भाव किल्लीचा सांगितला जातो, मालाचा नव्हे. बेल्जियमच्या द्यूत आयोगाने २०१८ साली अशा सशुल्क पेट्या जुगाराच्या कायद्याखाली येतात असा निर्णय दिला. त्याने दोषी धरलेल्या खेळांत व्हॉल्व्हचाच ‘काउंटर-स्ट्राइक’ होता.